सेवकाची जागा

रत्नागिरी
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

सुजय, सलाम.

'प्रिय' लिहावं की नाही यात दोन कागद फुकट गेले, म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे. पत्ता आत्याच्या दीपालीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. आत्याच्या स्मरणाच्या उपासनेला मुंबईला गेले होते, तेव्हा दोन दिवस तिच्या मागे लागून घेतला. फोन नंबर मात्र तिने दिला नाही. "राजश्रीताई, त्याने बजावलंय मला," एवढंच म्हणाली. जहाज कंपनीच्या वेरावळच्या ऑफिसात पत्रं ठेवून घेतात आणि जहाज लागलं की देतात, असं तिच्याकडून कळलं. म्हणजे हे तुझ्या हाती कधी पडेल कोण जाणे. अकरा वर्षं गेली, त्यात आणखी दोन महिने.

बाबांना नऊ जानेवारीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता तोंडातून एकच शब्द येतो, 'हो'. पेज हवी का, हो. पेज नको का, हो. ज्यांनी उभ्या जन्मात घरात दुसऱ्याला वाक्य पुरं करू दिलं नाही त्यांचं हे असं झालंय. माझी नर्सची नोकरी, त्यामुळे कूस बदलणं, पुसणं, भरवणं हाताला सवयीचं आहे. वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. ड्युटीवरच्या पेशंटचं करावं तसं करते आणि भांडी घासायला घेते.

पत्राचं कारण वेगळं आहे. शुभ शुक्रवारच्या उपासनेत सेवकाचा अध्याय बाबा वाचायचे, बत्तीस वर्षं. तुझ्याजवळ पुस्तक असेल नसेल, म्हणून आठवण देते. येशूच्या सातशे वर्षं आधी संदेष्ट्याने देवाच्या ज्या सेवकाविषयी सांगून ठेवलं तो अध्याय. ज्याच्यात बघण्यासारखं रूप नाही, ज्याला माणसांनी टाकलं, जो दुसऱ्यांची दुखणी आणि अपराध स्वतःवर घेतो आणि तोंड उघडत नाही. आपण म्हणतो की तो सेवक म्हणजे येशूच. यंदा तो अध्याय मी वाचावा असं पाळकसाहेबांनी सांगितलंय. आत्माराम साळव्यांच्या घरातूनच तो वाचला जावा, असं मंडळीला वाटतं म्हणे.

हे पाळकसाहेब नवे आहेत, दीड वर्ष झालं येऊन. त्यांनी मंडळीचं जुनं रजिस्टर चाळलं. त्यात तुझ्या नावापुढे 'प्रभूभोजनातून दूर केले' असं लिहिलंय, बाबांच्या अक्षरात. ते मला म्हणाले, "तुमचा भाऊ आला आणि मंडळीपुढे उभा राहून पश्चात्तापाचे दोन शब्द बोलला, तर पुनरुत्थानाच्या रविवारी मी स्वतः त्याला भाकर आणि प्याला देईन. पंचांची हरकत नाही." मला वाटतं तू यावंस. दोन शब्दच तर आहेत. काशीच्या मरणाचं वाईट वाटतं, एवढं म्हणालास तरी भागेल. तिच्यापायी आठ महिने तुरुंगात काढलेस, त्यापुढे दोन शब्द म्हणजे काय.

शुभ शुक्रवारच्या आधी, झावळ्यांच्या रविवारपर्यंत पोचलास तर बरं.

ताई


रत्नागिरी
९ मार्च २०२५, रविवार

सुजय,

उत्तर आलेलं नाही. जहाज अजून लागलं नसेल, असं मी धरून चालले आहे.

लेंटचे उपासाचे दिवस सुरू झाले. दर बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी शास्त्राभ्यास असतो. या बुधवारी आपल्याकडे होता, बाबांना बाहेर नेता येत नाही म्हणून. विषय सेवकाचाच. पाळकसाहेबांनी त्या हबशी अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली, जो रथात बसून हाच अध्याय वाचत चाललेला असतो आणि वाटेत भेटलेल्या शिष्याला विचारतो की संदेष्टा हे बोलतो ते कोणाविषयी, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी. ते म्हणाले की हा प्रश्न आजही जिवंत आहे. यहूदी म्हणतात, सेवक म्हणजे आमची सगळी जात, जिने पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. आपण म्हणतो, एक माणूस, आणि तो येशू.

तेव्हा पंचांपैकी एक जण, नाव लिहीत नाही, बाबांच्या खाटेकडे बघून म्हणाले, "तसं पाहिलं तर आपल्यातलाही जो कोणी निमूट सोसतो, तो सेवकच की."

पाळकसाहेब म्हणाले, "सेवकाच्या वाटेने चालावं जरूर. पण ते आपल्या पायांनी. दुसऱ्याला त्या वाटेवर ढकलायचं नाही. आणि इतरांच्या पापाची भरपाई करायची जी जागा आहे, ती एकदाच भरली. तिथे आता भरती नाही."

सगळे हसले. मी तेव्हा चहा गाळत होते. गाळणीतून चहा भांड्याबाहेर जायला लागला तेव्हा मृणाली, रविवारच्या शब्बाथ शाळेची नवी बाई, तिने माझा हात धरला.

गेल्या पत्रात मी तुला पश्चात्तापाचे दोन शब्द बोलायला सांगितलं. ते लिहायला नको होतं. बाटली मी भरली होती. हे वाक्य मी आजवर कागदावर लिहिलेलं नाही आणि आता लिहिलं तरी हात कापत नाही, याचं मला नवल वाटतं.

कसं झालं ते तुला तरी पुरतं कुठे ठाऊक आहे? प्रभूभोजनाचा रस आपल्याकडे आई करायची, काळ्या मनुका उकळून. ती गेल्यावर मी करू लागले. सरबताच्या रिकाम्या बाटलीत रस भरायचा आणि बाटलीच्या मानेला सुतळी बांधायची, म्हणजे घरात कोणी हात लावणार नाही. ही आईची खूण. पावसच्या आंब्याच्या बागेत फवारणीचं औषध थोडं न्यायचं असलं की बाबा मोठ्या कॅनमधून मला काढून द्यायला सांगायचे. ते मी तसल्याच बाटलीत भरायचे आणि तशीच सुतळी बांधायचे. आपल्या घरात सुतळी म्हणजे हात लावायचा नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही कळलं असतं.

काशी आपल्या घरातली नव्हती. ती आणि तिचा नवरा शिवा कामाला यायचे, कलमांच्या बुडातलं गवत काढायला. आणि काशीला सुतळीच्या बाटलीतलं मीच प्यायला दिलेलं होतं. प्रभूभोजनाच्या टेबलावर न नेलेला रस उरला की टाकवत नसे, म्हणून बागेत जाताना घेऊन जायचे आणि तिला द्यायचे. दोनदा दिला, कदाचित तीनदा. "बाय, तुमच्या देवाचा सरबत ग्वाड लागतो," म्हणायची.

त्या दिवशी पिशवीत दोन बाटल्या होत्या. कामकऱ्यांसाठी कोकम सरबत, बिनसुतळीचं. आणि औषध, सुतळीचं. मी तुला काहीच सांगितलं नाही, कारण सुतळी होती. तू पिशवी झाडाखाली ठेवलीस, "सरबत आहे, घ्या" म्हणालास आणि पंप बघायला गेलास. तिने साधी बाटली दुसऱ्यांना सोडली आणि सुतळीची स्वतः घेतली. ताईने खास आपल्यासाठी पाठवलंय असं तिला वाटलं असणार. औषधाला वास असतो, पण उन्हातून आलेल्या माणसाचा पहिला घोट मोठा असतो.

तिला विचारता आलं नाही, म्हणून हे सगळं माझं अनुमान आहे. पण अकरा वर्षं विचार करूनही मला दुसरं अनुमान सापडलेलं नाही.

ताई


रत्नागिरी
३० मार्च २०२५, रविवार

सुजय,

आज बाबांना उन्हात बसवून अध्याय मोठ्याने वाचून दाखवला. सराव म्हणून.

वाचताना एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं ऐकून आली नव्हती. तिथे बोलतं कोण? सेवक बोलत नाही. ज्यांनी त्याला चुकीचं ओळखलं, ती माणसं बोलतात. आम्हाला वाटलं देवानेच त्याला शिक्षा दिली, आणि ती तर आमची होती, असं ती म्हणतात. म्हणजे हा सबंध अध्याय कबुलीजबाब आहे. आणि बाबांनी तो बत्तीस वर्षं आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा वाचला, दुसऱ्या कुठल्या तरी गावात घडल्यासारखा.

मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "बाबा, औषधाची बाटली मी भरली होती ना?"

"हो."

"सुजयने नव्हती भरली?"

"हो."

आता यातून काय घ्यायचं? त्यांना तेव्हा मी ऊन लागतं का विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते. मी खुर्ची सावलीत ओढली.

त्या संध्याकाळचं लिहायचं राहिलंय. तू तिथेच होतास, पण मी काय बघितलं ते तुला ठाऊक नाही. काशी गेल्याचं कळून दोन तास झाले होते. दुपारीच मी बाबांना सांगितलं होतं की बाटली माझी. ते स्वयंपाकघरात आले, आपल्या दोघांना जमिनीवर बसवलं. म्हणाले, पोलीस उद्या येतील. राजश्रीची नोकरी कायम होऊन तीन महिने झालेत, मे महिन्यात लग्न आहे. पिशवी नेली ती सुजयने, सरबत घ्या म्हणाला तो सुजय, चार माणसांनी ऐकलंय. मग बाटलीही त्यानेच भरली. एवढं बोलून त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. निरपराध्याने दुसऱ्याचं ओझं उचललं तर देव त्याला आपल्या सेवकांत मोजतो, असं प्रार्थनेत म्हणाले. बाबांची प्रार्थना नेहमीसारखी लांब होती.

माझे डोळे मिटलेले होते. प्रार्थनेत डोळे मिटावे लागतात, ही मोठी सोय आहे. आमेन म्हणून डोळे उघडले तोवर तू उठून मोरीवर हात धुवायला गेला होतास. मी भाकऱ्या टाकल्या. तू दोन खाल्ल्यास. मीही खाल्ली.

पुढचं सगळं तुला माझ्याहून जास्त माहीत. तू कोर्टात गुन्हा कबूल केलास, म्हणून आठ महिन्यांत सुटलास. पण त्याआधीचा तो शुभ शुक्रवार, तू जामिनावर होतास तेव्हाचा, तो मला अजून दिसतो. तुला शेवटच्या बाकावर, चपलांच्या कप्प्याशेजारी बसवलं होतं. बाबा अध्याय वाचत होते. त्याला लोकांनी तुच्छ मानलं, तोंड फिरवलं, हे ऐकता ऐकता माणसं मागे वळून तुझ्याकडे बघत होती आणि तोंड फिरवत होती. एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी पुढच्या बाकावर मान ताठ ठेवून बसले होते.

लग्न तर मोडलंच. मुलाचा भाऊ तुरुंगात जाणार हे सांगलीला पोचलं आणि त्यांनी नारळ परत पाठवला. मुलाचा नव्हे, मुलीचा भाऊ. बघ, अजून धड लिहिता येत नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. नोकरी तेवढी राहिली. पेशंट मला फार शांत बाई म्हणतात.

यंदाही शुभ शुक्रवार अठरा एप्रिललाच आहे, त्या वर्षी होता त्याच तारखेला. मी मंडळीपुढे खरं सांगायचं ठरवलंय. त्याआधी शिवाला सांगायला हवं. तो पावस सोडून सावर्ड्याजवळ आपल्या गावी गेला, एवढंच मला माहीत आहे. शोधते.

ताई


रत्नागिरी
१२ एप्रिल २०२५, शनिवार

सुजय,

शिवा सापडला. आज जाऊन आले.

सावर्ड्याला यष्टीतून उतरून रिक्षा केली आणि पुढे चाल. तो घरामागच्या वरकस जमिनीत पेरणीआधीच्या भाजवळीसाठी पातेरा, सुका पाला, पसरत होता. केस पांढरे झालेत. मला बघून ओळखलं आणि हात थांबवला नाही. त्याची म्हातारी आई जनी पाणी घेऊन आली.

मी काही बोलायच्या आत शिवाच म्हणाला, "भाऊस बरा हाय ना तुमचा? पौषात येऊन गेला तेव्हा खोकत व्हता."

मी म्हटलं, "कोण?"

"सुजय. दर साली येतो. काशीच्या दिवसाला."

सुजय, सावर्डे काही विलायतेत नाही. तू दरवर्षी जानेवारीत तिथे येतोस, राहतोस, त्याच्या घराची कौलं चाळून देतोस, आणि मी समजत होते की तू समुद्रावर आहेस. मला राग यायला हवा होता. मी पाणी पीत राहिले.

शिवा सांगत गेला. "पयल्या साली मी त्येला दारात उभा केला नाय. दुसऱ्या सालीबी नाय. तिसऱ्या साली आईस बोलली, माणूस उन्हात उभा हाय, पानी तरी दे. मग वट्यावर बसवला. बोलाया अजून दोन सालां गेली. पाच वर्सां लागली मला, त्येला माफ करायला. सोपा नव्हता ता."

"तो काय म्हणायचा?" मी विचारलं.

"काय नाय. माझ्या हातून झाला, येवढाच एकदा सांगितलान."

मग मी सांगितलं. बाटली, सुतळी, उरलेला रस, सगळं, जसं तुला लिहिलं तसं. नर्सला वाईट बातमी सांगायची सवय असते, पाय जुळवून उभं राहायचं आणि सावकाश बोलायचं. मी तसंच केलं. मधे कुठे अडखळले नाही.

शिवाने पाला ओढायचं दाताळं खाली ठेवलं. हाताला लागलेला पातेरा झाडला. मग म्हणाला, "म्हंजे त्यानं केलाच नव्हता."

"नाही."

"मग मी माफ केला कोनाला?"

तो म्हणाला, "पाच वर्सां, बाय. रोज सकाळी उठून मी त्या पोराला माफ करीत व्हतो. थोडा थोडा. ता सगळा गेला कुठं? तुमी तवा बोलला असता तर तुमाला केला असता माफ. तेव्हा अंगात जोर व्हता."

म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "शिवा, बाईला बसाया सांग."

"नको, आई," तो म्हणाला. "बाय, आज माझ्याच्यानं व्हनार नाय. परत पाच वर्सां लागायची, तवर मी ऱ्हातो का काय कोन जाने. चारची यष्टी हाय, ती गाठा."

मी चारची यष्टी गाठली. खिडकीची जागा मिळाली. घरी येऊन बाबांना साफ केलं, कपडे बदलले, मग हे लिहायला बसले. रडू येईल म्हणून थोडं थांबले, पण आलं नाही.

ताई


रत्नागिरी
१९ एप्रिल २०२५, शनिवार

सुजय,

काल झालं.

बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात जणांची प्रवचनं, आधी सेवकाचा अध्याय. देऊळ भरलेलं होतं. मुंबईकरही आले होते. बाबांना चाकाच्या खुर्चीत पहिल्या बाकाशेजारी बसवलं. मी पांढरी साडी नेसले होते.

अध्याय अर्ध्यावर आला. आम्हाला वाटलं देवाने त्याला मारलं, तिथे मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "हे वाचणारी मी त्याच माणसांपैकी आहे. काशीने प्यायलेली बाटली मी भरली होती. माझा भाऊ सुजय याने ती भरली नव्हती, त्यात काय आहे हे त्याला माहीतही नव्हतं. बाबांनी ते त्याच्यावर घातलं आणि मी घालू दिलं. तो सेवकासारखा निमूट राहिला. आपण सगळ्यांनी त्याच्याकडे याच बाकांवरून वळून बघितलं आहे. पण सेवक एकच झाला, आणि तो आपण होऊन झाला. दुसरा करायचा आम्हाला अधिकार नव्हता." मग पुस्तक उघडून उरलेला अध्याय पुरा केला.

वरचे पंखे तेवढे वाजत होते. कोणी हुंदका दिला नाही, कोणी उठून गेलं नाही. एक पंच बसल्या जागेवरून हलकेच म्हणाले, "राजश्री, हे नंतर बघू." पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि मंडळी उभी राहिली. चारही कडवी म्हटली. मीही म्हटली, मला सगळी पाठ आहेत.

बाबांकडे मी बघितलं. उजवा डोळा वाहत होता. झटक्यानंतर तो तसाही वाहतो, म्हणून त्यावर काही लिहीत नाही.

बाहेर पडताना कोणी माझ्याशी बोललं नाही. सगळ्यांना एकदम आपापल्या चपला सापडेनात. मृणाली तेवढी आली आणि खुर्चीची दुसरी मूठ धरून उतारावरून बाबांना खाली आणू लागली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "मला काय बोलायचं कळत नाहीये, ताई." मी म्हटलं, नको बोलूस, खुर्ची धर.

संध्याकाळी पंच बसले. पाळकसाहेबांनी घरी येऊन सांगितलं. तुझ्या नावापुढची ओळ त्यांनी पट्टी धरून खोडली आणि खाली सही केली. त्या पानावर आता माझं नाव आहे, पंच ठरवतील तोपर्यंत. उद्या पुनरुत्थानाचा रविवार, मी मागे बसेन आणि प्याला पुढे जाऊ देईन. सोमवारी वकील घेऊन पोलीस ठाण्यात जायचंय. इतक्या वर्षांनी काय होईल ते वकिलालाही नीट सांगता येत नाही. नोकरीचंही बघायला लागेल.

हलकं वाटेल असं सगळे म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. जेवण मात्र नेहमीसारखं गेलं.

तुझं नाव मोकळं झालंय. ये असं आता म्हणणार नाही. यायचं तर दार तुझंही आहे.

ताई


रत्नागिरी
३ जून २०२५, मंगळवार

सुजय,

तुझं पत्र आज आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी भात उतरवला, गॅस बंद केला आणि मग उघडलं. पाच वाक्यं आहेत. तुझीच तुला परत लिहून पाठवते, म्हणजे मी नीट वाचली हे तुला कळेल.

'ताई, पाचही पत्रं एकदम मिळाली. मी सेवकासारखा निमूट राहिलो असं मंडळीत सांगितलंस, ते मागे घे. पोलिसांनी मला विचारलं, कोर्टाने विचारलं, घरात कोणी विचारलं नाही. काशीला सरबत घे मी म्हटलं होतं, शिवाकडे मी त्याच्यासाठी जातो, तुमच्यासाठी नाही. खोकला बरा आहे.'

मी ते खाटेजवळ बसून तीन वेळा वाचलं. बाबा बघत होते. त्यांना वाचून दाखवलं नाही.

तू म्हणतोस ते खरं आहे. त्या संध्याकाळी बाबांनी ठरवलं, देवाला सांगितलं, माझ्याकडे बघितलं. तुझ्या डोक्यावर हात होता आणि तुझ्याकडे कोणाचंच तोंड नव्हतं. मी अकरा वर्षं जो विचार करत राहिले तो सगळा मी काय केलं याचा. तुला काय हवं होतं, हा विचार एकदाही मनात आला नाही. आणि शुभ शुक्रवारी खरं बोलायला उभी राहिले तेव्हाही तुला उचलून पुन्हा त्याच जागेवर बसवलं, चार चांगले शब्द लावून. निमूट म्हटलं की आम्हाला बरं वाटतं. न विचारलेला म्हटलं की वाटत नाही. हे लिहिताना मात्र हात कापला. वरची ओळ वाकडी आलीय ती त्यामुळे, तशीच ठेवते.

पोलिसांनी जबाब घेतलाय, पुढची तारीख कळायची आहे. बाबा तसेच आहेत. बागेतली कलमं या वर्षी खंडाने दिली.

सेवकाविषयी मला आता फारसं बोलवत नाही. एवढंच समजतं की तो स्वतः हो म्हणाला होता, आणि म्हणून त्याचं सोसणं आपल्या कामी आलं. तुझ्याकडून आम्ही हो घेतलंच नाही.

म्हणून त्या संध्याकाळी विचारायला हवं होतं ते आता विचारते. अकरा वर्षं उशीर झालाय, उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. सुजय, बाटली राजश्रीने भरली आहे. पोलीस उद्या येणार आहेत. तिच्या जागी तू जाशील का?

नाही म्हणालास तर तेवढं एका कार्डावर लिहून पाठव. ज्या रविवारी मिळेल त्या रविवारी मी मंडळीत मागच्या बाकावरून उठेन आणि तेवढंच वाचीन, तुझं नाव आणि पुढे 'नाही'. त्याला मी काही जोडणार नाही.

राजश्री